आयपीएत हॉप्स घालायचे तरी किती?

मुलुंडी_माल्ट | शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, वर्षभर वाचनमात्र होतो. आता पोळलोय म्हणून लिहितोय.

घरी बिअर करायचा हा माझा चौथा घाणा. पहिले तीन साधे होते, एक गव्हाची आणि दोन पेल एल (फिकट रंगाची बिअर). बरे जमले. चौथ्याला आयपीएला (इंडिया पेल एल, जास्त कडू आणि सुवासिक बिअर) हात घातला. सामान असं: भावाच्या मुंजीतलं वीस लिटरचं स्टीलचं पातेलं, माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) बांधायला चक्क्याचं मोठं फडकं, आंबवायला झाकणाची बादली. घाणा दहा लिटरचा, माल्ट तीन किलो, सुरुवातीची घनता (साखर किती विरघळलीय त्याचं माप) १.०६०.

हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलाची फुलं; मॅग्नम, कॅस्केड, सिट्रा हे त्यांचे वाण) असे घातले. उकळी फुटल्यावर मॅग्नम १५ ग्रॅम, साठ मिनिटं. शेवटची दहा मिनिटं कॅस्केड २० ग्रॅम. आंबणं थांबल्यावर सिट्रा १५० ग्रॅम बादलीत कोरडेच टाकले, सात दिवस ठेवले. व्हिडिओतला अमेरिकन दाढीवाला मुठी-मुठीने टाकत होता, मीही टाकले.

निकाल: बायको म्हणाली, कारल्याच्या पाण्यात हिरवळ कापून टाकल्यासारखं लागतंय. पहिला घोट घशाला चरचरला. बादलीच्या तळाशी हिरवा चिखल बसला, त्यात लिटरभर बिअर गेली. वर मंगळवारी पहाटे दोनला ओट्याखाली तीन बाटल्या फुटल्या. शेजारचे काका बेल वाजवून विचारत होते, सिलिंडर का रे?

प्रश्न साधा आहे. दहा लिटरला हॉप्स किती ग्रॅम? इतकी कडू झाली म्हणजे निम्मे करू का?

फेसाळ | शनिवार, रात्री ११:४१

१५० मध्ये रडता? मी दहा लिटरला २०० टाकतो. आयपीए प्यायची तर कडू लागणारच. नाहीतर उसाचा रस प्या, आलं-लिंबू घालून.

शिवडीची_खाडी | शनिवार, रात्री ११:५८

फेसाळराव, तुमच्याकडची बिअर प्यायलोय मी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंडात पाला होता.

माल्टभाऊ, बाटल्या फुटल्या त्या काचेच्या होत्या ना? उरलेल्या आधी बर्फात किंवा फ्रीजमध्ये घाला आणि मग टायपत बसा. जाड टॉवेलमध्ये गुंडाळूनच उचला. हा विनोद नाही.

रसायनी | रविवार, सकाळी ७:३५

मुलुंडी_माल्ट, तुमची बिअर कडू झालेलीच नाही. ती तुरट झालीय.

कारलं आठवा, मग कच्चं केळं किंवा कात आठवा. कारल्याची चव जिभेवर रेंगाळते. कात लागला की जीभ आणि गालाची आतली बाजू आखडते, लाळ आटल्यासारखी होते. तुम्हाला यातलं कुठलं झालं ते आज एक घोट घेऊन सांगा. आपल्याकडे षड्रसांत हे दोन वेगळे धरलेत, पण बिअरच्या बाबतीत आपण सगळ्यालाच कडू म्हणून मोकळे होतो आणि मग चुकीचे हॉप्स कमी करतो.

तुमच्या कडूपणाचा हिशोब मांडून दाखवते. कडूपणा येतो हॉप्समधल्या अल्फा आम्लांतून. ही आम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत. उकळीत त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात, आणि त्याला वेळ लागतो. तुमचा मॅग्नम १२ टक्के अल्फाचा धरू. १५ ग्रॅममध्ये अल्फा १.८ ग्रॅम, म्हणजे १८०० मिलिग्रॅम. १.०६० घनतेला साठ मिनिटांत त्यातला साधारण २१ टक्के भाग कामी येतो (टिनसेथचं सूत्र, घरी बिअर करणारे बहुतेक हेच वापरतात). म्हणजे ३८० मिलिग्रॅम. भागिले दहा लिटर, ३८ आयबीयू. आयबीयू हे कडूपणाचं माप, म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे विरघळलेल्या अल्फाचे इतके मिलिग्रॅम.

आता कॅस्केड, ६ टक्क्यांचा. २० ग्रॅममध्ये १२०० मिलिग्रॅम. दहा मिनिटांत कामी येतो जेमतेम साडेसात टक्के. ९ आयबीयू.

एकूण ४७. अमेरिकन आयपीएचा प्रचलित पट्टा ४० ते ७०. म्हणजे तुम्ही पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात आहात! इथले ग्रॅम निम्मे केलेत तर आयपीएची पेल एल होईल आणि तुरटपणा तसाच राहील.

गडबड त्या १५० मध्ये आहे. दहा लिटरला १५० म्हणजे लिटरला १५ ग्रॅम. ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅस्केडवर नेमका हाच प्रयोग केला होता, २०१८ मध्ये छापून आला. लिटरला ८ ग्रॅमच्या वर गेलं की सुवास त्या प्रमाणात वाढत नाही आणि लिंबू-संत्र्याची बाजू मागे पडून पाल्याची, चहाच्या चोथ्याची बाजू पुढे येते. वर तुम्ही सात दिवस ठेवलेत, तेही मुंबईच्या हवेत. चहाची पिशवी कपात विसरून ऑफिसला गेल्यासारखं झालं ते.

मुलुंडी_माल्ट | रविवार, सकाळी १०:१२

ताई, आत्ता घोट घेतला (रविवार आहे, माफ असावं). कात. शंभर टक्के कात. जीभ टाळूला चिकटली.

मग उकळीतले तसेच ठेवू आणि नंतरचे कमी करू? आणि हे वेगवेगळ्या वेळी टाकायचं नाटक कशाला? एकदम टाकून मोकळं का होत नाहीत लोक?

रसायनी | रविवार, सकाळी १०:५०

चहा कसा करता? आलं ठेचून पाण्यातच टाकता, चांगलं उकळू देता. गवती चहा शेवटी टाकता आणि लगेच झाकण ठेवता, कारण तो उकळत ठेवला की त्याचा वास तुमच्या चहात नाही, शेजाऱ्यांच्या घरात. हॉप्स हे एकाच झाडाचं फूल, पण त्यात आलंही आहे आणि गवती चहाही. अल्फा आम्लांना उकळी हवी, सुगंधी तेलांना उकळी सोसत नाही.

म्हणून कडूपणाचे ग्रॅम आयबीयूत मोजा आणि वासाचे ग्रॅम लिटरमागे. या दोन आकड्यांची बेरीज करू नका, तिला काही अर्थ नाही. "दहा लिटरला एकूण किती" या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही.

तरी आकडा हवाच असेल तर: उकळीचे आहेत तसे. गॅस बंद करून ८० अंशांपर्यंत उतरलं की ३० ग्रॅम, वीस मिनिटं झाकून. कोरडे ६०, जास्तीत जास्त ८०. दोन-तीन दिवस. बास.

फेसाळ | रविवार, सकाळी ११:०५

८० अंशांना टाकलेल्यातूनही थोडा कडूपणा येतो, तो धरला नाहीत. आणि धुरकट आयपीएवाल्या ब्रुअरी १५ ग्रॅम, २० ग्रॅम टाकतात लिटरला, त्यांचं कसं चालतं?

रसायनी | रविवार, सकाळी ११:३०

पहिला मुद्दा बरोबर, पाच-सात आयबीयू धरा. दुसऱ्याचं उत्तर: त्यांच्याकडे थंड करता येणाऱ्या टाक्या आहेत, तळाचा गाळ काढायला शंकू आहे, ऑक्सिजन आत जात नाही. माल्टभाऊंकडे बादली आहे.

पापभीरू | रविवार, दुपारी १:१५

रसभंग करतो, पण कोणीतरी बोलायला हवं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. "विकत नाही, घरच्यापुरतीच करतो" ही सूट त्यात नाही. पिण्याचा परवाना खिशात असला म्हणजे बनवण्याचा मिळाला असं होत नाही. पहाटे दोनला बाटल्या फुटून शेजारी बेल वाजवतोय तर जरा जपून.

मी स्वतः म्हणूनच हॉप्सचं पाणी करतो, त्यात दारूच नाही. लिटरला २ ग्रॅम सिट्रा, ७० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं, गाळायचं, भरपूर लिंबू पिळायचं, गार करून सोडा मशीनला लावायचं. लिंबू चवीपुरतं नाही, आंबटपणाने जंतू वाढत नाहीत म्हणून. तरी फ्रीजमध्येच ठेवायचं आणि दोन दिवसांत संपवायचं. मुलंही पितात, "कैरीचा वास येणारा सोडा" म्हणून.

मुलुंडी_माल्ट | रविवार, दुपारी १:४०

पापभीरू, मान्य. चार घाणे केले आणि कायदा आज वाचला, ही माझी चूक. पुढचा घाणा इथे होणार नाही. धाकटा भाऊ लीड्सला असतो, तिकडे स्वतःपुरती बिअर घरी करायला मुभा आहे. पुढच्या महिन्यात जातोच आहे, त्याच्या गॅरेजात करू. पातेलं मात्र इथेच राहील, आई ते देशाबाहेर जाऊ देणार नाही.

वाचनमात्र_आजोबा | रविवार, दुपारी ४:२०

अवांतर. आयपीए म्हणजे आपल्या मुंबईसाठीच केलेली बिअर ना? जहाजात नासू नये म्हणून हॉजसन नावाच्या माणसाने दुप्पट हॉप्स घालून शोधून काढली, असं ऐकत आलो आहे.

शिवडीची_खाडी | रविवार, संध्याकाळी ६:०२

आजोबा, अर्धं खरं. जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी लंडनच्या पूर्वेला बो इथे होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं ब्लॅकवॉलला नांगरायची, ते तिथून जवळ. कप्तान मंडळी आपल्या खात्यावर माल घेऊन इकडे विकायची आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाची उधारी द्यायचा. त्याचा खरा शोध म्हटला तर उधारी! उष्ण देशांत पाठवायच्या बिअरला हॉप्स जास्त घालावेत हा सल्ला इंग्लंडात १७६० च्या दशकापासून होता. त्याने पाठवली ती फिकट रंगाची, मुरवायची "ऑक्टोबर बिअर". केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला चार-सहा महिने, त्यात दोनदा विषुववृत्त, पिंपात ती मस्त मुरली.

नंतर १८२० च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप या ब्रुअरीवाल्याने तशीच करून पाहिली आणि बर्टनच्या पाण्याने बाजी मारली. "ईस्ट इंडिया पेल एल" हे नाव तर १८२९ साली सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत दिसतं. आणि इकडच्या गोऱ्या शिपायांना फिकट बिअर कुठली परवडायला? ते काळी पोर्टर ढोसायचे. तीही नासत नव्हती.

रसायनी | रविवार, रात्री ८:१५

बर्टनच्या पाण्याचा मुद्दा अवांतर नाही हं. ते पाणी जिप्समने भरलेलं, म्हणजे सल्फेट भरपूर. सल्फेटने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ लागतो, पटकन येतो आणि पटकन जातो. आपल्या नळाला भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी. तलावाचं, हलकं. पिठल्याला छान, आयपीएला भोळं. दहा लिटरला ३ ग्रॅम जिप्सम घातलं की सल्फेट लिटरमागे १६५ मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. नळाच्या पाण्याला तेवढं पुरतं.

मात्र मे महिन्यात सोसायटीत टँकर येतो तेव्हाचं पाणी बोअरचंही असू शकतं. त्यात आधीच काय विरघळलंय देव जाणे, त्यावर अंदाजाने काही घालू नये.

आणि जिप्सम खाण्याच्या दर्जाचं. मागच्या वर्षी एकाने मला फोनवर विचारलं होतं, गणपतीच्या कारखान्यातलं पीओपी चालेल का. चालणार नाही. लीड्सला गेलात तर तिथल्या पाण्याचा अहवाल बघून मग ठरवा.

डोंबिवली_फास्ट_नाही | सोमवार, सकाळी ८:४४ (लोकलमधून)

माल्टराव, एक विचारायचं राहिलं सगळ्यांचं. हॉप्सच्या पाकिटावर पिकाचं साल कुठलं होतं? आणि पाकीट कसं आलं?

मुलुंडी_माल्ट | सोमवार, रात्री ९:३०

बघितलं आणि बसलो. सिट्रा सीलबंद होतं, पण मॅग्नम एकाने त्याच्या मोठ्या पाकिटातून साध्या झिपच्या पिशवीत काढून दिला होता. मूळ पाकिटाचा फोटो मागवला. पीक चार वर्षांपूर्वीचं! माझ्याकडे ते आठ महिने फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या वर. हिरवा रंग जाऊन हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या तपकिरी झाल्यात. हुंगलं तर पावसाळ्यात न वाळलेल्या पायमोज्यांचा वास.

त्यात आईचा किस्सा. गेल्या महिन्यात तिने उरलेलं कॅस्केड चुरून मेथीच्या पराठ्यांत घातलं. "कसूरी मेथीला कोंब आलेत का रे, कडू कडू लागतेय." पराठे आम्ही तिघांनी मुकाट्याने संपवले.

डोंबिवली_फास्ट_नाही | सोमवार, रात्री १०:०१

पराठ्यांना किती आयबीयू? 😂

वास आला म्हणजे गेलं ते पाकीट. हॉप्स जुने झाले की अल्फा घटतं आणि तो चीजसारखा, पायमोज्यांचा वास येतो. म्हणजे रसायनीताईंचे ३८ आयबीयू कागदावरचे. प्रत्यक्षात २५ तरी आले असतील का शंका. कडूपणा पट्ट्याच्या खाली आणि तुरटपणा डोक्यावर, अशी बिअर झाली तुमची.

पीक उत्तर गोलार्धात ऑगस्ट-सप्टेंबरला निघतं. तिथून बोट, गोदी, गोदाम, मग आपल्याकडचा कुरिअरवाला. माझं एक पाकीट एप्रिलमध्ये चार दिवस भिवंडीच्या गोदामात पडून होतं, पत्र्याच्या छपराखाली. तेव्हापासून मागवतो ते डिसेंबर-जानेवारीत. पाकीट चांदीच्या कागदाचं, हवा काढलेलं हवं. आलं की थेट फ्रीझरमध्ये. उघडलं की उरलेलं घट्ट गुंडाळून, हवा दाबून काढून परत फ्रीझरमध्ये.

कुंडीतला_माळी | सोमवार, रात्री १०:४०

भारतात होत नाहीत का हॉप्स? गच्चीत वेल लावला तर?

शिवडीची_खाडी | सोमवार, रात्री ११:१०

होतात, लाहौलच्या खोऱ्यात. मुंबईत वेल वाढेल, पण फुलं नावापुरतीच. त्याला वाढायला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो, दिवस लहान असला की पुरता वाढायच्या आधीच फुलतो. आपला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचाच. शिवाय हा वेल गांजाच्या कुळातला. सोसायटीच्या सेक्रेटरीला पानं बघून काय वाटेल याचाही विचार करा.

फेसाळ | मंगळवार, सकाळी ९:१२

बाटल्या का फुटल्या ते कोणीच सांगितलं नाही. मी सांगतो, कारण माझ्या पाच फुटल्यात.

साखर किती घातली होती भरताना? लिटरला सहा-सात ग्रॅम असेल तर ती दोषी नाही. दोषी पुन्हा तुमचे कोरडे हॉप्स. त्यांच्यात एन्झाइम असतात. माल्टमधल्या ज्या मोठ्या साखरा यीस्टला चावत नाहीत, त्या हे एन्झाइम तोडून देतात. यीस्ट आयतं जेवायला बसतं. आपल्याला वाटतं आंबणं संपलं, प्रत्यक्षात दुसरी पंगत बसलेली असते. तेवढ्यात आपण बाटल्या भरतो. हॉप्स जितके जास्त आणि हवा जितकी गरम, तितकी पंगत मोठी.

हॉप्स टाकल्यानंतर घनता मोजायची, आधीची धरायची नाही. लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही तरच भरायचं. हे शिकायला मला पाच बाटल्या आणि एक ट्यूबलाइट लागली.

मुलुंडी_माल्ट | मंगळवार, सकाळी ९:४०

साखर साडेसहा ग्रॅम होती. घनता हॉप्स टाकायच्या आदल्या दिवशी मोजली होती, १.०१४. नंतर बघितलीच नाही. फेसाळराव, २०० ग्रॅमवाल्या माणसाकडून हे येईल वाटलं नव्हतं.

फेसाळ | मंगळवार, सकाळी ९:५५

२०० टाकतो म्हणूनच माहीत आहे.

डोंबिवली_फास्ट_नाही | मंगळवार, सकाळी १०:२०

तापमान? ओला पंचा गुंडाळायची युक्ती केली होती का बादलीला?

मुलुंडी_माल्ट | मंगळवार, सकाळी १०:३१

केली होती. पंचा गुंडाळून पंखा लावला. ३० अंश होते, ३० च राहिले.

डोंबिवली_फास्ट_नाही | मंगळवार, सकाळी १०:४८

नागपूरला चालतं ते. आपल्या हवेत पाणी उडतच नाही तर गार काय होणार? जुलैत माठातलं पाणी कधी गार लागलंय? इथे परवानावाले टाक्या थंड करतात, आणि नॉर्वेचं क्वाइक नावाचं यीस्ट ३५ अंशांनाही खूश असतं. तुम्ही लीड्सलाच करणार असाल तर नेहमीचं अमेरिकन यीस्ट, १८ ते २० अंश, तिकडच्या गॅरेजात ते सांभाळणं सोपं जाईल.

मुलुंडी_माल्ट | नऊ आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:१५

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा होता.

लीड्सच्या गॅरेजात दहा लिटर केली. मॅग्नम १५ ग्रॅम, या वर्षीच्या पिकाचा, पाकिटावर १२.४ टक्के. कॅस्केड २०. ८० अंशांना सिट्रा ३०. भावाच्या तिकडच्या पाण्याचा अहवाल रसायनीताईंना पाठवला होता, त्यांनी जिप्सम दोन ग्रॅम सांगितलं. कोरडे ६० ग्रॅम, तीन दिवस. घनता हॉप्सच्या आधी १.०१३, नंतर १.०१२, १.०११, आणि मग तिथेच तीन दिवस. फेसाळराव, तो १.०१३ चा १.०११ होताना बघितला आणि ओट्याखालच्या तीन बाटल्या डोळ्यांसमोर आल्या.

पहिली बाटली भावाने उघडली. वास आधी आला, सोललेल्या पपनसासारखा. कडू होती, पण गिळल्यावर जीभ मोकळी. दुसरा घोट आपणहून घ्यावासा वाटला. गाळात गेली जेमतेम अर्धा लिटर. थोडी पातळ वाटली मला, पुढच्या वेळी माल्ट पाव किलो वाढवायला सांगितलंय.

वहिनीचं मत: "यात हॉप्स अजून चालले असते."

फेसाळ | रविवार, संध्याकाळी ७:१९

वहिनींना इकडे सभासद करून घ्या.

रसायनी | रविवार, रात्री ८:०५

छान! वहिनींसाठी कोरडे ८० करून बघायला सांगा भावाला, बाकी काहीही न बदलता. आणि या घाण्यातल्या दोन बाटल्या महिनाभर तशाच ठेवायला सांगा. एक फ्रीजमध्ये, एक बाहेर. पपनस कुठल्या बाटलीत किती उरलं ते कळवा.

मुलुंडी_माल्ट | रविवार, रात्री ८:२२

बाहेरची राहील असं वाटत नाही, पण सांगतो. इथे फ्रीझरमध्ये सिट्राचं अर्धं पाकीट आहे, ते पापभीरूंच्या सोड्याला वापरतोय. आईने डब्यावर स्वतः चिकटपट्टी लावलीय, "मेथी नव्हे".